हे बिल नाही

९ जानेवारी

ग्लेन,

हे पत्र माफी मागायला लिहीत नाही आणि तुला मागायला लावायलाही नाही, तेव्हा फाडू नकोस. एक काम आहे. ते फक्त तूच करू शकतोस आणि त्याला फार तर दहा मिनिटं लागतील.

तुझ्या टपालपेटीत शेल्बीच्या नावाची विमा कंपनीची पाकिटं येत असणार. लांबट, पांढरी, पारदर्शक खिडकीची, आणि खिडकीतून ठळक अक्षरांत दिसणारे शब्द, 'हे बिल नाही'. हे शब्द दिसले की आपल्याकडे सगळे काय करतात ते मला ठाऊक आहे. मीही तेच करते. पण तू काही टाकून देत नाहीस. आपल्या आईच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या तुझ्या गॅरेजमध्ये अजून असतील, म्हणून आशा आहे. ती सगळी पाकिटं माझ्या पत्त्यावर पाठव. फोडायची गरज नाही.

आता कशासाठी ते सांगते, कारण न सांगता मागितलं तर तू पाठवणार नाहीस. शेल्बीनं शस्त्रक्रियेसाठी अर्ज केलाय. स्तनांचा भार कमी करण्याची शस्त्रक्रिया. शब्द लिहून झालाय, आता पुढे वाच. वूस्टरच्या दवाखान्यानं सप्टेंबरात कंपनीकडे कागद पाठवले. जानेवारी उजाडला तरी उत्तर नाही. दवाखान्यात विचारलं तर म्हणतात, कंपनीनं पत्र घरच्या पत्त्यावर पाठवलंय. घरचा पत्ता म्हणजे तुझा. विमा तुझा, काउंटीच्या रस्तेखात्याकडून मिळालेला, आणि ती त्यात तुझी मुलगी म्हणून आहे. तिनं फोन केला. चाळीस मिनिटं वाजंत्री ऐकल्यावर एक बाई बोलल्या आणि म्हणाल्या, पत्ता बदलायचा तर पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्यांनी फोन करावा. शेल्बी म्हणाली, "त्यांचं माझ्याशी बोलणं नाही." बाई म्हणाल्या, "असं असेल तर त्यांनी तसं लेखी कळवावं."

ती हे सांगताना हसत होती. मला हसू आलं नाही.

मे महिन्याच्या एकोणीस तारखेला ती सव्वीस वर्षांची होते. नियमाप्रमाणे एकतीस तारखेला तुझ्या विम्यातून तिचं नाव निघेल. घोड्यांना नाल ठोकणाऱ्या मुलीला दुसरा विमा कोण देणार, आणि दिला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू करावं लागेल. म्हणजे जे काही व्हायचं ते त्याआधी व्हायला हवं.

तीन वर्षांपूर्वी जत्रेत जे झालं त्याबद्दल आज लिहीत नाही. तू म्हणाला होतास की तिला ठेवून घेतलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. आले नाही. पत्र दारात येत नाही, पेटीत येतं.

ती बरी आहे, हे तू विचारणार नाहीस म्हणून लिहिते. दक्षिणेकडच्या बहुतेक आमिश शेतांवर, जिथं धर्मामुळे अजून ट्रॅक्टर नाही, तिचंच काम चालतं. नांगराचे बेल्जियन घोडे, बग्गीचे घोडे, सगळे. माणसं तिची वाट बघतात.

नोरीन


२ फेब्रुवारी

ग्लेन,

खाकी पाकीट मिळालं. सतरा पत्रं, एकही फोडलेलं नाही, तारखेप्रमाणे लावून वर रबर गुंडाळलेलं. चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकलं, हे कबूल करते.

शेल्बीनं ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून खूर तासायच्या सुरीनं एकेक फोडली. सोळा पत्रं खरंच बिल नव्हती. सतरावं नकार होता, आठ ऑक्टोबरचा. म्हणजे चार महिने ती ज्या उत्तराची वाट बघत होती ते तुझ्या घरी रबरात होतं. तुझी चूक म्हणत नाही. फेरविचार मागायला एकशेऐंशी दिवस असतात आणि त्यातले साठएक अजून हातात आहेत. तू पत्रं जपली नसतीस तर तेही नसते.

कंपनीचं म्हणणं असं, की शस्त्रक्रिया केवळ दिसण्यासाठी आहे, गरजेची नाही. काढायच्या वजनाचा प्रश्न नाही. त्यांच्याकडे एक तक्ता असतो. उंची आणि वजन घालायचं, मग एकेका बाजूनं किमान किती काढावं लागेल ते ग्रॅममध्ये निघतं. शेल्बीचा आकडा सव्वा पौंडाच्या आसपास येतो आणि डॉक्टरांच्या मते सहज त्याहून जास्त निघेल. सव्वा पौंड म्हटल्यावर ती म्हणाली, "म्हणजे बग्गीच्या घोड्याची एक नाल." तिला हातात घेतल्याबरोबर वजन कळतं, नाल ठोकणाऱ्या आपल्या बाबांसारखं. फोटोही झाले होते, मानेखालपासून कमरेपर्यंत. मी त्या दिवशी सोबत गेले होते. परतताना ती म्हणाली, "फोटोत चेहरा घेत नाहीत, आत्या. जत्रेत तरी कोण चेहऱ्याकडे बघत होतं?"

अडलंय ते वेगळ्या ठिकाणी. दवाखान्यात पहिल्या दिवशी एक छापील कागद भरून घेतात. दुखण्यामुळे रोजच्या कामात किती अडथळा येतो, शून्य ते दहा. तिनं 'दोन' लिहिलं. खाली 'आणखी काही सांगायचंय का' असं होतं, तिथं लिहिलं, 'नाही. काम करता येतं.'

कंपनीच्या डॉक्टरनं तिचंच वाक्य नकारात उतरवलंय. रुग्ण अंगमेहनतीचं जड काम करते, प्रकृती उत्तम, अडथळा दोन. त्याचं तरी काय चुकलं?

मी म्हटलं, "दोन, शेल्बी?"

"त्या आठवड्यात मला काम नव्हतं. बरं वाटत होतं."

"आणि काम असतं तेव्हा?"

तिनं जरा विचार केला. "दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं मोठं दुखणं, असं लिहिलं होतं. मला घोड्याची लाथ बसलेली आहे, आत्या. त्या मानानं दोनच."

मला राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तुझ्यावर काढते. हे ती कुणाकडून शिकली? गळ्याजवळचं हाड मोडलेलं असताना तू कामाची पाळी संपेपर्यंत बर्फ काढायची गाडी चालवलीस आणि डॉक्टरांना म्हणालास, खांदा जरा आखडलाय. आई सिंकला छाती टेकवून उभी राहायची, भांडी घासून झाल्यावरही. आपण विचारलं तर म्हणायची, कुठं काय. आपल्या काउंटीतला 'दोन' म्हणजे बाहेरच्यांचा आठ, हे दुसऱ्या राज्यात बसलेल्या डॉक्टरला कोण सांगणार?

मी म्हटलं, नवा कागद मागू आणि खरं लिहू. ती म्हणाली, "लिहिलं तेव्हा ते खरंच होतं. आता मिळावं म्हणून आकडा वाढवला तर आधीचं खोटं पडतं, आणि मग पुढच्यावर तरी त्यांनी का विश्वास ठेवावा?"

तिचं बरोबर आहे, हे मला रात्रभर पटलं नाही आणि सकाळी पटलं.

दर गुरुवारी ती चाळीस मिनिटं गाडी चालवून पाठीच्या व्यायामाला जायची, गेल्या मेपासून चोवीस वेळा. ते कागद कंपनीला पोचलेच नव्हते. ते आता मिळवलेत. पण तिला कामात किती जड जातं हे तिच्या शब्दांत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दांत यायला हवं. कुणाच्या, ते शोधतोय.

नोरीन


२५ फेब्रुवारी

ग्लेन,

अ‍ॅबनर हर्शबर्गरला तू ओळखतोस. पुलापलीकडचं शेत, सहा बेल्जियन. त्याच्या वाटेवरचा बर्फ तू दर हिवाळ्यात काढतोस आणि तो दर हिवाळ्यात तुला सफरचंदाच्या घट्ट मुरंब्याची बरणी देतो. शेल्बी त्याच्याकडे पाच वर्षं जाते.

मी त्याच्याकडे गेले ते अवघडतच. आमिश माणूस, दाढी पोटापर्यंत. त्याच्यासमोर हा विषय काढायचा कसा? शिवाय त्यांच्यात विमा घेतच नाहीत. कुणी आजारी पडलं तर सगळे मिळून करतात. मी गाडीत बसून तीन वाक्यं जुळवली होती. गोठ्यात तो एका घोडीचे केस विंचरत होता. मी पहिलंच वाक्य अर्धं बोलले असेन, तो म्हणाला, "शेल्बीच्या पाठीचं ना? बायकोनं सांगितलंय. मी काय लिहू?"

मी म्हटलं, तुम्ही जे बघितलंय ते.

तो म्हणाला, "मी घोड्यांकडे बघतो." मग थोड्या वेळानं म्हणाला, "आणि घड्याळाकडे."

चार दिवसांनी त्याच्या मुलीनं पत्र आणून दिलं. पेन्सिलीनं, रेघांच्या कागदावर. उतरवून पाठवते, कारण हे तू वाचावंस असं मला वाटतं.

'मी विमा घेत नाही, त्यामुळे तुमचे नियम मला माहीत नाहीत. घोड्यांचं मला माहीत आहे. शेल्बी माझ्याकडे पाच वर्षं नाल ठोकते. मी वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवतो, कारण घोडे कामावरून काढावे लागतात. पहिल्या वर्षी ती दुपारच्या जेवणाआधी चार घोडे करायची. गेल्या शरदात दोन. प्रत्येक खुरानंतर ती भिंतीला पाठ लावून उभी राहते. नोव्हेंबरच्या अकरा तारखेला अकरा वेळा उभी राहिली. मी मोजलं. तिचा एकही खिळा कधी वाकडा गेला नाही. तिला विचारलं तर ती काही नाही म्हणते. माझे घोडेही तेच म्हणतात. म्हणून मी त्यांच्या चालण्याकडे बघतो.'

खाली सही आणि पत्ता. सबंध पत्रात बाईच्या अंगाचा एकही शब्द नाही आणि तरी डॉक्टरांच्या चार पानी अहवालापेक्षा त्यात जास्त आहे. चाळीस वर्षं साप्ताहिकात मी लोकांची पत्रं छापली. यातला एकही शब्द मी काढला नसता.

शेल्बीनं ते वाचलं. कान लाल झाले. म्हणाली, "अकरा वेळा? मला वाटलं होतं तो बघत नाही." मग म्हणाली, "चांगलं बघितलंय."

आता दुसरं. लिहू की नको असं दोन दिवस चाललंय.

जत्रेत मीही होते, ग्लेन. तुला ते माहीत नाही. तू रिंगणाच्या त्या बाजूला रस्तेखात्याच्या माणसांबरोबर होतास, मी या बाजूला, हातात लिंबू सरबत. तुझ्या घोडीची नाल सैल झाली म्हणून शेल्बी वाकून ती बसवत होती. तुझ्याबरोबरचे दोघं तिच्या अंगाबद्दल काय बोलले ते मलाही ऐकू आलं. त्यांना काय बोलायचंय ते तिलाही कळलं होतं, पण तिनं खूर सोडला नाही. सहा खिळे पूर्ण केले. मग तू आलास आणि त्यांना काही न बोलता तिला म्हणालास, घरी जा आणि सैल शर्ट घाल, तमाशा नको.

त्या दिवसापासून मी तुला मनात किती वेळा बोल लावला ते मोजलेलं नाही. पण त्या वेळी मी काय केलं ते कधी सांगितलं नाही. मी माझ्या स्वेटरची वरची दोन बटणं लावली. एवढंच केलं. ऑगस्टचा महिना होता, भर उकाड्याचा.

आईच्या खांद्यांवर आतल्या कपड्याच्या पट्ट्यांचे खळगे होते. रुमालाच्या घड्या घालून ती ते भरायची. माझ्याही खांद्यांवर आहेत. सदुसष्ट वर्षांत ते मी कुणाला दाखवले नाहीत. आपल्या घरात ते असायचे, जसे गुडघे असतात. शेल्बी ही पहिली, जिला हे असंच असायचं नसतं हे सुचलं. आणि सुचल्यावर तिनं चिडून नाही, रडून नाही, कागद भरून विचारलं. आकडा चुकला, पण विचारलं.

दवाखान्यातली बाई म्हणते की हे कधीपासून आहे, याबद्दल घरच्यांपैकी कुणी लिहून दिलं तर उपयोग होईल. मी देऊ शकते, पण तेरा ते बावीस ती तुझ्या घरी होती. तिची आई गेल्यावर दुसरं बघणारं कुणी नव्हतं. आठ मार्चला कागद पाठवायचे आहेत.

तू लिही असं सांगत नाही. कळवते आहे.

नोरीन


११ मार्च

ग्लेन,

कागद शुक्रवारी गेले, पोच मागून.

तुझा अर्धा कागद गुरुवारी आला. रस्तेखात्याच्या वहीतला, वर मिठाच्या ट्रकांचा तक्ता छापलेला. मी तो उघडला नाही. पाकिटावर माझं नाव होतं, पण आत कुणासाठी आहे ते मला कळलं. मी तो तिच्या ताटाशेजारी ठेवला.

तिनं उभ्यानंच वाचला. मग मला दिला.

'आठवीपर्यंत ती शाळेच्या पोहण्याच्या संघात होती. जिल्ह्यात दुसरी आली होती. नववीत सोडलं. खांदा दुखतो म्हणाली. मी डॉक्टरकडे नेलं नाही. खांदा नाही हे मला ठाऊक होतं. ग्लेन शूमेकर, वडील.'

तू 'वडील' लिहिलंस. कंपनीला नातं कळावं म्हणून लिहिलं असशील. तरी लिहिलंस.

तिनं कागद परत घेऊन पुन्हा वाचला. बटाटे गार झाले. मग म्हणाली, "आत्या, तू जातेस त्या ग्रंथालयात झेरॉक्स आहे ना?"

"आहे."

"कंपनीला झेरॉक्स पाठवू."

मूळ कागद तिच्याकडे आहे. कुठं ठेवला ते मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही.

नोरीन


६ एप्रिल

ग्लेन,

काल सकाळी सहाला मी कॉफी टाकायला उठले तेव्हा पायरीवर पाकीट होतं. वर वीट ठेवलेली, वाऱ्यानं उडू नये म्हणून. तुझ्या गाडीचा आवाज ऐकला असं मला वाटतं, पण खिडकीशी पोचेपर्यंत तू वळणावर होतास.

या वेळी पाकीट फोडलेलं होतं.

पत्र पुन्हा घडी घालून आत ठेवलंस, पण घडी चुकलीये. म्हणजे एकदा नाही, बऱ्याच वेळा वाचलं असणार. मला बरं वाटलं. चांगली बातमी आधी कुणीतरी उभ्या-उभ्या वाचायला हवी.

मी शेल्बीला उठवलं नाही. ती खाली आली, ओळख पटल्यासारखं पाकिटाकडे बघितलं आणि आधी कॉफी ओतली. मग वाचलं. मंजूर. आधीचा निर्णय रद्द. नवीन पुराव्यानुसार कामातला अडथळा सिद्ध होतो, असं वाक्य आहे, आणि पुढे 'त्रयस्थ व्यक्तीनं वेळेच्या नोंदींसह दिलेली साक्ष'. अ‍ॅबनर आता विमा कंपनीच्या दप्तरात त्रयस्थ व्यक्ती झालाय. शेल्बी ते सांगायला लगेच निघाली. परत आल्यावर म्हणाली, अ‍ॅबनरनं एवढंच विचारलं की मग नोव्हेंबरात चार होतील का. ती म्हणाली, बघू. तो म्हणाला, बरं.

त्या दोघांच्या बोलण्यातला आनंद कळायला इथं जन्म काढावा लागतो.

चौदा मे ही तारीख मिळाली आहे. एकतिसाच्या सतरा दिवस आधी.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती तुला माहीत असावी. मंजुरी असली तरी शस्त्रक्रियेनंतर काढलेलं वजन कंपनीला कळवावं लागतं. तक्त्याहून कमी भरलं तर कंपनी मागाहून हात वर करू शकते. डॉक्टर म्हणाले, खात्रीसाठी थोडं जास्त काढता येईल. शेल्बीनं त्यांना विचारलं, "कंपनी नसती तर किती काढलं असतं?" त्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "मग तेवढंच. मी तक्त्यात बसायला येत नाहीये."

ती हे बोलली तेव्हा मी खुर्चीत होते. मला बाबा आठवले. गिऱ्हाईक कितीही घाई करो, घोड्याच्या पायाला जेवढी हवी तेवढीच नाल.

नोरीन


१६ मे

ग्लेन,

झालं. परवा सकाळी साडेसातला आत नेलं, साडेअकराला डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट आहे. ती घरी आहे, माझ्या खोलीत, कारण तिथून न्हाणीघर जवळ पडतं. मी बैठकीत झोपते.

डावीकडून एक पौंड सात औंस, उजवीकडून एक पौंड सहा. तक्त्याहून दोन्हीकडे जास्त, आणि डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं जवळपास तेवढंच. प्रयोगशाळेनं आकडा लिहून कंपनीला कळवलाय. आता मागाहून काही निघणार नाही.

नर्सनं शुद्धीवर आल्यावर विचारलं, "किती दुखतंय? शून्य ते दहा."

मी पडद्यापलीकडे उभी होते.

शेल्बी म्हणाली, "सहा." मग थांबून म्हणाली, "साडेसहा."

नर्सनं औषध दिलं. माझ्यावर विश्वास ठेव, ग्लेन, आपल्या घरात आजवर कुणी असा आकडा सांगितला नाही. मी पडद्यापलीकडेच उभी राहिले, कारण तिनं माझा चेहरा बघू नये असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना मी मदत केली. सुजलेलं आहे, काळंनिळं आहे, टाके आहेत. ती आरशासमोर उभी राहिली आणि खाली बघितलं. खूप वेळ खालीच बघत होती. मला वाटलं घाबरली. म्हटलं, सूज जाईल हळूहळू. ती म्हणाली, "तसं नाही आत्या. मला माझे पाय दिसतायत."

सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. घोडे तर नाहीतच. अ‍ॅबनरनं तोवर मिलर्सबर्गचा दुसरा नालबंद बोलावलाय. त्याच्याबद्दल विचारलं तर अ‍ॅबनर म्हणाला, "तो जलद काम करतो." त्याच्या तोंडून एवढी जहरी टीका मी कधी ऐकली नव्हती.

नोरीन


२८ जून

ग्लेन,

तुझ्याकडे कंपनीचं शेवटचं पत्र गेलं असेल. शेल्बीचं नाव एकतीस मेला निघालं, असं कळवणारं. तिच्याकडे त्याची प्रत आली नाही, अर्थात. त्यांना अजून तुझाच पत्ता माहीत आहे.

याचा अर्थ असा की आता तिच्या नावाचं काही तुझ्या पेटीत येणार नाही. तीन वर्षं तुम्ही दोघं एकमेकांशी बोलला नाहीत, पण तेवढं एक येत होतं. ती कशी आहे, कुठल्या दवाखान्यात गेली, काय मंजूर झालं, ते तुला न विचारता कळत होतं. पुढे तसं कळणार नाही. पुढे विचारावं लागेल.

म्हणून मी तुझ्या वतीनं विचारलं. तू रागावशील, पण मला सदुसष्ट वर्षं झालीत आणि तुझ्यासाठी थांबून राहायला वेळ थोडा आहे.

ती मागच्या अंगणात कानशी साफ करत होती. डॉक्टरांनी कामाची परवानगी दिलीये, सुरुवातीला दिवसाला एकच घोडा. पहिला घोडा अ‍ॅबनरकडे, शनिवारी सहा जुलैला. ती मोठी लाल घोडी, जी माणसावर रेलते. अ‍ॅबनरला त्या दिवशी गवत कापायचंय. घोडीचं डोकं धरायला कुणीतरी हवं आणि ती मला म्हणत होती. मी म्हटलं, ती घोडी माझ्यावर रेलली तर तुला दोघींना नाल ठोकावी लागेल.

मग मी म्हटलं, "तुझ्या बाबाला बोलावू?"

तिनं कानस उन्हात धरून दात बघितले, एकेक, वरपासून खालपर्यंत. शेजारच्या शेतात कुणाचा तरी ट्रॅक्टर वळला, परत आला, पुन्हा वळला.

"बोलाव," ती म्हणाली. "पण बघायला नको म्हणावं. कामाला यावं."

साडेसातला, अ‍ॅबनरच्या गोठ्यात. घोडी डावीकडे रेलते, तेव्हा उजव्या बाजूला उभा राहा. फोन करून कळवायची गरज नाही.

नोरीन